ओलं गोणपाट

हार्लन स्ट्रेकचं नाव निघालं की आमच्या खोऱ्यातली माणसं आधी थुंकतात आणि मग बोलतात. बरोबरच करतात. पण ह्या गोष्टीतलं पहिलं खोटं स्ट्रेक बोलला नाही. ते बोलला ऑरिन टॅकेट, वय वर्षं एकवीस, आणि तेही कुणी विचारलेलं नसताना.

सन अठराशे सत्त्याऐंशी. न्यू मेक्सिकोच्या दक्षिणेला सलग दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं. ऑरिन मिसूरीच्या डोंगरातून निघालेला. कुठं लाकूडतोड कर, कुठं रेल्वेचे रूळ उचल, कुठं खानावळीत भांडी घास, असं करत दोन वर्षांत तो आमच्या वाळवंटापर्यंत सरकत आला. जवळ पॉली नावाची एक करडी घोडी, खोगीर आणि एक ब्लँकेट. दुसरं काही नाही. एप्रिलमध्ये त्यानं लेडबेटर रँचवर काम मागितलं. ती रँच म्हणजे आमच्याकडचं मोठं प्रकरण. मालक समुद्रापलीकडं स्कॉटलंडात, त्यानं आयुष्यात इथली धूळ खाल्ली नाही. सगळा कारभार स्ट्रेक मुकादमाचा.

मुकादमानं एवढंच विचारलं, घोड्यावर बसता येतं का. गप्प 'हो' म्हणायचं की नाही? पण ऑरिनला राहवेना. म्हणाला, "बसता येतं, आणि टेक्ससमध्ये दोन हंगाम डागणीवर होतो."

आता ह्या पोरानं टेक्सस पाहिलं होतं ते मालगाडीच्या दारातून. जनावर डागायचं लोखंड त्यानं जन्मात हातात धरलं नव्हतं. त्याच्या गावाकडं डुकरांचे कान कातरतात, संपलं. स्ट्रेकनं त्याच्या मनगटांकडं बघितलं. डागणी धरणाऱ्याची मनगटं भाजल्याच्या वणांनी भरलेली असतात. ह्याची कोरी होती.

"बरं झालं आलास," स्ट्रेक म्हणाला. "असाच माणूस हवा होता."

आमच्याकडं तेव्हा कुंपणं नावापुरतीच. सगळ्यांची गुरं एकत्र चरायची. वसंतात सगळ्या रँचची माणसं मिळून गुरं गोळा करायची, आणि वासरू ज्या गाईमागं धावेल तिच्या मालकाचा डाग त्याला द्यायचा. मालक तिथं हजर असो, आजारी असो, मेक्सिकन असो, नाहीतर विधवा असो. शेरीफ दोन दिवसांच्या वाटेवर, कोर्ट चार दिवसांच्या. त्यामुळं आमचा कायदा म्हणजे हा एवढाच. तो पाळला तर माणूस, नाही पाळला तर कोल्हा. हे पक्कं ध्यानात ठेवा, कारण पुढं जे झालं त्यात सहा माणसांनी तो मोडला आणि सहाही माणसं वर पोटभर जेवली.

तिबुर्सियो बेंकोमो म्हणून एक म्हातारा होता. लेडबेटरच्या रानाच्या मधोमध त्याचा झरा. त्याच्या आजोबांनी शोधलेला, आणि दोन वर्षं पाऊस नसताना खोऱ्यात तो एकच न आटलेला. चाळीसएक गाई, त्यांच्या डाव्या मांडीवर चंद्रकोरीचा डाग. स्ट्रेकला तो झरा हवा होता. त्यानं तीनदा मागितला, म्हाताऱ्यानं तीनदा हाकलून दिलं. फेब्रुवारीत म्हातारा घोड्यावरून पडला आणि कंबरेचं हाड मोडून खाटेला खिळला. बायको कधीच गेलेली. घरात एक मुलगी, हासिंता, वीस वर्षांची. वासरं विकून त्यांचं वर्ष निघायचं. एक वर्ष वासरं मिळाली नाहीत तर झरा सोडून जायचं, हे म्हाताऱ्याला माहीत होतं. स्ट्रेकलाही माहीत होतं.

मे महिन्यात स्ट्रेकबरोबर लेडबेटरची सहा माणसं झऱ्यावर बेंकोमोची वासरं डागायला गेली. स्ट्रेकनं डागणी ऑरिनच्या हातात दिली.

"दुष्काळानं वासरांची कातडी पातळ झालीय," त्यानं सांगितलं. "लोखंड थेट टेकवलंस तर चरकन आत जाईल. गोणपाट ओलं कर, मध्ये धर, वरून दाब. टेक्ससमध्ये असंच करतात ना?"

"असंच करतात," ऑरिन म्हणाला.

बस्स. एवढंच वाक्य. पोरगं "मला माहीत नाही" म्हणालं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. हेंड्री नावाच्या गुराख्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. स्ट्रेकनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं आणि हेंड्रीनं ते मिटलं. खुणेसाठी कान कातरायचे ते राहू देत, उन्हाळ्यात जखमेत किडे पडतात, थंडीत बघू, असं स्ट्रेकनं म्हाताऱ्याकडून आधीच कबूल करून घेतलं होतं. ते खरंही होतं. हरामखोर माणूस खोटं बोलताना त्यात एखादं खरं मिसळतोच.

छत्तीस वासरं झाली. वाफ निघायची, केस जळल्याचा वास यायचा आणि खाली सुरेख तपकिरी चंद्रकोर उमटायची. वासरं फारशी ओरडलीही नाहीत. ऑरिनला वाटलं, आपल्या हाताला उपजतच गुण आहे. हासिंता बापाला सोडून बाहेर येऊ शकत नव्हती. तिनं माणसांसाठी घरातून मिरची घातलेल्या घेवड्याचं पातेलं आणि गरम तोर्तिया, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, पाठवल्या. सहाही जण बसून जेवले. बोटं चाटली.

जूनमध्ये स्ट्रेकनं ऑरिनला झऱ्यापासून मैलभर असलेल्या झोपडीवर राखणीला टाकलं. काम असं काही नाही, भटकी गुरं हाकायची. पाण्याला मात्र रोज बेंकोमोकडं जावं लागायचं. पहिल्या दिवशी गेला तेव्हा हासिंता गुडघाभर चिखलात उभी राहून रुतलेल्या गाईची शेपटी ओढत होती.

"बघत काय उभा राहिलास," ती म्हणाली. "तिकीट काढलंयस का?"

त्यानं उतरून गाय ओढली. तिनं विचारलं, लेडबेटरचा का. तो म्हणाला हो, आणि छाती काढून पुढं म्हणाला, "तुमची वासरं मीच डागलीत. सगळी. एकालाही इजा नाही."

तिनं त्याला घरात नेऊन जेवू घातलं ते ह्याच वाक्यावर. बापाची वासरं नीट डागली जातील की नाही ह्या काळजीनं ती मे महिनाभर झोपली नव्हती. तिनं त्याच्या ताटात दुसऱ्यांदा वाढलं, आणि त्यानं लाजत तिसऱ्यांदा मागितलं.

मग काय, पाणी रोज लागतंच. आधी तो सकाळी यायचा, मग सकाळ-संध्याकाळ, मग पाण्याचं निमित्तही राहिलं नाही. त्यानं गळकं छप्पर शाकारलं, पाऊस नव्हता तरी. तिनं त्याला दोर टाकायला शिकवलं. त्याचा फास दहातल्या नऊ वेळा स्वतःच्याच घोडीच्या कानात अडकायचा. "टेक्ससमध्ये असाच टाकतात वाटतं," ती हसून हसून खाली बसायची. तो थापा मारतो हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. तिला त्यात गंमत वाटली. पुढं कित्येक वर्षं ती म्हणायची, तेव्हाच मुस्काटात मारून विचारायला हवं होतं, आणखी काय काय खोटं बोललास म्हणून. म्हातारा खाटेवरून सगळं बघत असे. म्हणे, ह्या पोराला पगार नको, जेवणही नको, हिच्याकडं बघितलं की ह्याचं पोट भरतं. ऑगस्टमध्ये ऑरिननं लेडबेटरचं काम सोडलं आणि बेंकोमोच्या गोठ्यात ब्लँकेट टाकलं. एका खोऱ्यात सलग चार महिने तो आयुष्यात पहिल्यांदाच राहिला. तिनं एकदा विचारलंही, कंटाळा आला की जाशील ना. तो म्हणाला, घोडीला विचारतो. त्यानंतर दोन दिवस तिनं त्याला दुसऱ्यांदा वाढलं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात म्हाताऱ्याच्या उशाशी पाणी-तोर्तिया ठेवून दोघं गाडी घेऊन पीठ-मीठ आणायला गावात गेली. दोन दिवस लागले. परत आली तेव्हा अर्ध्या मैलावरूनच हंबरडे ऐकू यायला लागले. झऱ्याभोवती चाळीस गाई, कासा तटतटलेल्या, काहींच्या सडांतून दूध धुळीत ठिबकत होतं. वासरू एकही नव्हतं. घरात म्हातारा खाटेवरून खाली पडून दारापर्यंत सरपटत आला होता. काल दुपारी स्वार आले, म्हणाला, चार-पाच होते, मला घोड्यांच्या टापा ऐकू आल्या, मी ओरडलो, कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

गाईंत घंटा बांधलेली एक म्हातारी बांडी गाय होती, ती मेस्कीटच्या दाट झुडपाकडं तोंड करून उभी होती. आत तिचं वासरू दडून राहिलं होतं. सगळ्यात किडकं तेच, म्हणून सुटलं. ऑरिननं दोर टाकला, ह्या वेळी बरोबर पडला. त्याला वाटलं, हासिंता शाबासकी देईल. ती वासराच्या डाव्या मांडीकडं बघत होती. तिनं तळहात थुंकीनं ओला केला, केस चापूनचोपून बसवले, पुन्हा ओला केला. लालसर, दाट, नवे केस. खाली कातडी गुळगुळीत. चंद्रकोर नव्हती.

"हे तू डागलंस?" तिनं विचारलं.

"मीच. सगळी."

"कसं?"

आणि त्या गाढवानं सांगितलं. अगदी अभिमानानं सांगितलं, कातडी पातळ होती, म्हणून ओलं गोणपाट मध्ये धरलं.

"ओलं गोणपाट," ती म्हणाली.

आमच्याकडं पाच वर्षांच्या पोरालाही विचारा. ओलं कापड मध्ये धरलं की फक्त केस जळतात. कातडीला धग लागत नाही. चार-पाच महिने डाग झकास दिसतो, मालक बघून समाधानानं झोपतो, आणि थंडीचे केस आले की सगळं पुसलं जातं. तोवर वासरू गवतावर आलेलं असतं. ते आईपासून तोडायचं आणि बेवारशी म्हणून स्वतःचा डाग मारायचा. असल्या चोराला आम्ही दरोडेखोरापेक्षा हलका समजतो. दरोडेखोर निदान तोंडासमोर येतो.

हासिंतानं हातातला लगामाचा पट्टा उचलला आणि ऑरिनच्या तोंडावर मारला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हात उचलला आणि खाली घेतला.

"किती दिले त्यानं तुला?"

"मला माहीत नव्हतं."

"दोन हंगाम डागणीवर होतास, आणि माहीत नव्हतं?"

"नव्हतो," ऑरिन म्हणाला. त्याच्या गालावर वळ उठत होता. "कधीच नव्हतो. मी टेक्ससमध्ये उतरलोही नाही."

तिनं पट्टा खाली टाकला. मग म्हणाली, "चोर असतास तर बरं झालं असतं. चोराला मारून टाकता येतं." आणि घरात गेली.

त्याला वाटलं पॉलीवर बसावं आणि निघून जावं. आजवर प्रत्येक गावात त्यानं तेच केलं होतं. खोगीर उचललंसुद्धा. मग गाई ओरडत होत्या ते कानांवर आलं आणि त्याला स्वतःचीच इतकी शिसारी आली की त्यानं खोगीर खाली आपटलं. आत जाऊन तो म्हाताऱ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, काका, काय करायचं ते सांगा, मी करतो.

म्हाताऱ्यानं आधी त्याला भरपूर शिव्या दिल्या, स्पॅनिशमध्ये, कारण त्या भाषेत त्या जास्त लागतात. मग सांगितलं. उद्या सिबोलाच्या माळावर लेडबेटरचा वाडगा आहे, गुरं कोंडून डागायची. सगळ्या रँचची माणसं जमतील. आईमागं असलेली वासरं आधी डागतात, बेवारशी सगळ्यात शेवटी, हा रिवाज आहे. म्हणजे दुपारपर्यंत आपली वासरं कोरी राहणार. तोवर ह्या गाई तिथं नेल्या, तर गाय आपलं वासरू ओळखेल. सगळ्यांच्या देखत ओळखेल. एकदा का त्यांच्या अंगावर विळा उमटला, लेडबेटरचा डाग विळ्याचा, की मग देव आला तरी काही होणार नाही.

"पण गाई हलणार नाहीत," म्हातारा म्हणाला. "वासरू हरवलं की गाय त्याला शेवटचं जिथं पाजलं तिथंच थांबते. बारा मैल हाकलत न्या, बारा मैल माघारी पळत येतील."

हासिंता चुलीपाशी पाठ करून उभी होती. तशीच म्हणाली, "एक वासरू आहे आपल्याकडं. ओरडणारं."

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघाले. गाडीत ते किडकं वासरू पाय बांधून ठेवलेलं, आणि त्याच्या शेजारी पेंढ्यावर खुद्द तिबुर्सियो, कारण मला इथं टाकून गेलात तर सरपटत येईन अशी त्यानं धमकी दिली होती. डागणीही त्यानंच उशाला घेतली. गाडीला धक्का बसला की दोघंही ओरडायचे. वासरू ओरडलं की बांडी गाय घंटा वाजवत चाकामागं धावायची आणि तिच्यामागं बाकीच्या, आपलंच असेल ह्या आशेवर. हासिंता खेचरं हाकत होती. ऑरिन पॉलीवरून मागं पडणाऱ्या गाई पुढं लोटत होता. 

आठव्या मैलावर तारेचं कुंपण आणि त्यात फाटक. फाटकात घोड्यावर हेंड्री, मांडीवर बंदूक. स्ट्रेक कच्च्या गुरूचा चेला नव्हता. हेंड्री म्हणाला, मुकादमाचा हुकूम आहे, बेंकोमोची गुरं इकडं यायची नाहीत. हासिंतानं खेचरं थांबवलीच नाहीत. तिनं त्याला एवढंच विचारलं, मे महिन्यात घेवडा आवडला होता का. फाटकाची तार तिच्या गाडीखाली गेली.

हेंड्रीनं बंदूक उचलली. म्हाताऱ्यावर आणि बाईवर झाडायची त्याची हिंमत नव्हती. गाईवर डाग होता. डागाच्या गाईला गोळी घातली तर सरळ तुरुंग. राहिली ऑरिनची घोडी. त्यानं घोडीला गोळी घातली.

पॉली पुढच्या गुडघ्यांवर बसली, मग आडवी झाली. ऑरिन तिच्यावरून पलीकडं पडला. उठून तिच्या मानेवर हात ठेवला तेव्हा ती अजून श्वास घेत होती, थोड्या वेळानं थांबली. मिसूरीहून निघाल्यापासून तो जिच्याशी रोज बोलत आला अशी तीच एक होती. तो उठला, हेंड्रीकडं चालत गेला, आणि हेंड्री दुसरी गोळी भरत असतानाच त्याला पाय धरून खाली ओढला. नाक फोडलं. बंदूक घेऊन फाटकाच्या खांबावर आपटून आपटून तिचे दोन तुकडे केले. हेंड्री रडत होता आणि म्हणत होता, त्या दिवशी मी सांगणार होतो रे, सांगणार होतो. ऑरिन म्हणाला, "मग सांगायचं होतंस," आणि गाईंमागं पायी चालायला लागला. खोगीर तिथंच राहिलं.

सिबोलाला पोचायला दुपार टळली. जाळ पेटलेला, पाच-सहा रँचची तीसएक माणसं, वाडग्यात पस्तीस कोरी वासरं. पहिलं वासरू पाडलेलं, आणि स्ट्रेक स्वतः विळ्याचं लोखंड निखाऱ्यातून काढत होता. तेवढ्यात गाडीतलं वासरू ओरडलं.

वाडग्यातून पस्तीस वासरांनी उत्तर दिलं. मग गाईंना कुणी हाकावं लागलं नाही. घोड्यांना, माणसांना, जाळाला न जुमानता त्या आडव्या लाकडांवर येऊन आदळल्या. पहिलं लाकूड मोडलं, मग दुसरं. प्रत्येक गाय नाकानं हुंगत, दुसऱ्यांची वासरं शिंगानं बाजूला सारत आत शिरली. थोड्याच वेळात वाडग्यात हंबरणं थांबलं आणि नुसता चुरूचुरू पिण्याचा आवाज यायला लागला. पाडलेलं वासरूही सुटून पळालं. पिणाऱ्या प्रत्येक वासराशेजारच्या गाईच्या मांडीवर चंद्रकोर होती.

स्ट्रेक हसला. म्हणाला, भुकेलं वासरू कुठल्याही गाईला लुचतं.

शेजारच्या रँचचा म्हातारा म्होरक्या, एमोस केटलरिज, घोड्यावरून उतरला. चाळीस वर्षं गुरांत काढलेला माणूस. "वासरू लुचतं," तो म्हणाला. "गाय लुचू देत नाही. हे मी तुला सांगायचं का, मुकादम?"

"मग बेंकोमोनं डागली का नाहीत?" स्ट्रेक म्हणाला. मग जणू नुकतंच सुचल्यासारखं केलं. "हां, डागणीवर हा होता. टॅकेट. ह्यालाच विचारा. टेक्ससचा उस्ताद आहे. आता पोरीच्या घरात राहतो. दोघांत काय ठरलं होतं कुणास ठाऊक."

तीस माणसं ऑरिनकडं वळली. त्याच्याकडं सांगायला दोनच गोष्टी होत्या. मी चोर आहे, किंवा मी मूर्ख आहे आणि खोटारडा आहे. गुराख्यांच्या जमावात पहिली गोष्ट सांगणं सोपं, हे तुम्हाला खोटं वाटेल, पण खरं आहे. चोराला निदान कामाची माहिती असते.

"मी डागणी कधीच धरली नव्हती," ऑरिन म्हणाला. "टेक्ससचं खोटं होतं. मुकादमानं ओलं गोणपाट लावायला सांगितलं. मी लावलं. मला वाटलं असंच करतात."

हशा पिकला. तीस माणसं मांड्या थोपटून हसली. कुणीतरी म्हणालं, लोखंडाऐवजी चमचा दिला असता तरी ह्यानं घेतला असता. ऑरिन मान खाली न घालता उभा राहिला, त्याचे कान मात्र लाल झाले होते. केटलरिज हसला नाही. हसणं विरेपर्यंत थांबून त्यानं विचारलं, "लेडबेटरची वासरं मे महिन्यात कुणी डागली?"

कुणीतरी म्हणालं, बॉब यार्नेलनं. नेहमी तोच डागतो.

"आणि फक्त बेंकोमोच्या वासरांना हा कोरा पोरगा?"

आता कुणी हसलं नाही. हासिंता गाडीवरून उतरली. "सहा जण होते," ती म्हणाली. "सहा जणांनी ते गोणपाट पाहिलं. मग माझ्या हातचं जेवले. ते सहा जण इथं आहेत का?"

होते. हेंड्री फाटकात नाक धरून बसला होता, ऑरिन समोर होता, उरलेले चौघं तिथंच उभे होते. चौघंही आपापल्या बुटांकडं बघायला लागले. एकानंही तोंड उघडलं नाही. पण आमच्याकडं बुटांकडं बघणं म्हणजे कबुलीच. आणि सांगतो, मला स्ट्रेकपेक्षा ह्या चौघांचाच संताप जास्त येतो. स्ट्रेकला झरा तरी हवा होता. ह्यांना काहीसुद्धा नको होतं. गाय आपली नाही, एवढंच त्यांचं कारण.

केटलरिज म्हणाला, वासरं आयांबरोबर जातील. कुणाची हरकत? कुणाची नव्हती. स्ट्रेकनं हातातलं लोखंड धुळीत टाकलं आणि घोड्यावर बसून निघून गेला. त्याला कुणी झाडाला टांगलं नाही. पुढची तीन वर्षं तो लेडबेटरचाच मुकादम होता, आणि स्कॉटलंडातल्या मालकाला ह्यातलं अक्षरही कळलं नाही. तुम्हाला दुसरं काही ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाकडं जा.

हासिंतानं गाडीतून आपली चंद्रकोरीची डागणी काढली आणि स्ट्रेकच्याच जाळात घातली. लाल झाली तशी काढून ऑरिनसमोर धरली.

"घे," ती म्हणाली. "आता नीट कर. छत्तीसच्या छत्तीस."

"मला येत नाही," ऑरिन म्हणाला. हे वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होता.

"येत नाही म्हणूनच शिकवतेय."

दोघा गुराख्यांनी पहिलं वासरू पाडलं. ती त्याच्या मानेवर गुडघा रोवून बसली. त्यानं लोखंड टेकवलं. वासरू इतकं किंचाळलं की त्याचा हात आपोआप मागं आला. तिनं त्याचं मनगट धरून पुन्हा दाबलं. नव्या खोगिराच्या चामड्याचा रंग येईपर्यंत, ती म्हणाली, त्याच्या आधी उचलायचं नाही. धूर दोघांच्या डोळ्यांत गेला. पाचव्या वासराला त्याचं मनगट भाजलं, नवव्याला दुसरं. तिनं पाहिलं आणि पुढचं वासरू आणायला सांगितलं. शेवटी गाडीतलं ते किडकं वासरू आलं. तोवर त्याला कुणी काही सांगावं लागत नव्हतं.

घरी जाताना तिनं विचारलं, घोडी मेली, आता कसा जाणार. तो म्हणाला, पायी. ती म्हणाली, मार्चपर्यंत थांब, केस झडू देत, डाग राहिलाय की नाही ते मी बघणार, मग कुठं जायचं तिथं जा.

मार्च आला. तिनं ठेवून घेतलेल्या दहा कालवडी एकेक करून पाडायला लावल्या, ओल्या तळहातानं केस दाबले, बोटानं चंद्रकोर चाचपली. दहाही पक्क्या. म्हातारा आता काठीवर उभा राहायला लागला होता. त्यानं कुंपणापाशी एक शिंगरू आणून बांधलं आणि ऑरिनला म्हणाला, घोडीबदली घोडा, हे तुझं, आता तू मोकळा.

ऑरिन शिंगराच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. हासिंता चिखलाचे हात पुसत आली.

"माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"जाईल असं वाटतही नाही."

"मी थांबतो."

"किती वर्षं?"

त्याच्या तोंडावर पटकन एक आकडा आला होता, मोठा, ऐटबाज. त्यानं तो गिळला. "मला माहीत नाही," तो म्हणाला.

तिनं मान डोलावली, शिंगराचा दोर सोडला आणि त्याला पाण्यावर घेऊन गेली. पुढं त्या शिंगरावर तीच बसायची, ऑरिनला ते कधी लागलंच नाही.